बँडमधला ट्रम्पेटवाला जॅझ रचनाकार आणि प्राध्यापक होऊ शकतो का?

गोदाकाठ (नांदेड): घरातलं पोरगं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतं, संगीत घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. हार्मोनियमवर हात बसलेला. जॅझ रचना करायची आणि कॉलेजात शिकवायचं, असं त्याचं चाललंय. दोन्ही एकाच पदवीत होईल का? लिहायला सुरुवात कुठून करावी?

मांजरा (लातूर): एका पदवीत होणं अवघड. नेटच्या (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) संगीत विषयात हिंदुस्थानी, कर्नाटक, रवींद्र संगीत, तालवाद्य असे गट आहेत, जॅझचा वेगळा गट नाही. म्हणून एमए हिंदुस्थानीतच करू द्या, ५५ टक्क्यांच्या खाली येऊ देऊ नका (राखीव प्रवर्गाला ५०), आणि जॅझ त्याच्या जोडीने चालू ठेवा. अमेरिकन जॅझ संगीतकार डेव्हिड बेकर यांचं उदाहरण त्याला सांगा. ट्रॉम्बोनवादक माणूस, जबड्याच्या दुखापतीने वाद्य सुटलं तर चेलोकडे वळले, रचनेत शिरले आणि १९६६पासून इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले.

सप्तक (संभाजीनगर): सुरुवात आपल्याच बँडच्या वाद्यांसाठी लिहून करा, कारण लिहिलेलं त्याच आठवड्यात वाजवून ऐकता येतं. कागदावर नुसता अंदाज राहतो.

पहिली अडचण पट्टीची. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोनला कागदावर सा (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी एक) लिहिला की कानावर काळी पाच येते. आल्टो सॅक्सोफोनला तोच सा लिहिला तर काळी दोन. म्हणजे हार्मोनियमची पांढरी एक ऐकू यायला हवी असेल तर ट्रम्पेटला पांढरी दोन लिहायची, आल्टोला पांढरी सहा. टेनरलाही पांढरी दोनच, पण एक सप्तक वरची लिहायची. ट्रॉम्बोन मात्र जसा लिहिला तसाच वाजतो. हे न करता हार्मोनियमची एकच प्रत सगळ्यांना वाटली की पहिल्याच मात्रेला गोंधळ होतो आणि दोष वादकांच्या माथी बसतो.

आधी तीनच वाद्यं घ्या, आठ मात्रांची ओळ लिहा. पूर्ण बिग बँड (५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि तालविभाग) खूप नंतर. ट्रम्पेटला तार सप्तकात सलग ठेवू नका, ओठ थकतात आणि सूर उतरतो. मध्येमध्ये विश्रांती लिहा.

गोदाकाठ: आणि रागावर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) बसवताना काय बघायचं?

सप्तक: काफी थाट (गंधार-निषाद कोमल असलेला सुरांचा संच) घेतला तर पंचमावरची कॉर्ड कोमल निषादामुळे मायनर होते. पोरं सवयीने तिथे शुद्ध निषाद असलेली डॉमिनंट सेव्हन्थ (पंचमावरची नेहमीची चार सुरांची कॉर्ड) हमखास टाकतात आणि थाट मोडतो. मोडायचा असेल तर जाणून मोडावा.

मांजरा: तालाचंही बघा. समेवर जोर द्यायची सवय पक्की असते, स्विंगमध्ये (जॅझच्या झुलत्या लयीत) वजन दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतं. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) फक्त त्या दोन मात्रांना वाजेल असा लावून ओळ गायला लावा, मग ट्रम्पेट हातात द्या.