स्पष्ट नकार दिला नव्हता. तरीही तो लैंगिक छळ ठरतो का?

प्रश्न (निनावी सदस्य)

गेल्या आठ महिन्यांपासून माझे विभागप्रमुख मला रात्री उशिरा संदेश पाठवतात. सुरुवात कामाच्या विषयाने होते आणि चार-पाच वाक्यांतच बोलणे माझ्या कपड्यांवर, दिसण्यावर किंवा मी अजून एकटी का राहते यावर येऊन ठेपते. वार्षिक मूल्यांकनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला असे सांगितले, की मी त्यांच्याशी जरा मोकळेपणाने वागले तर त्यात माझाच फायदा आहे. त्यांनी मला कधी स्पर्श केलेला नाही, अश्लील असे काही पाठवलेले नाही. सहकारी म्हणतात, त्यांचा स्वभावच बोलका आहे.

माझी अडचण वेगळीच आहे. मी त्यांना एकदाही ‘हे थांबवा’ असे म्हटलेले नाही. उलट हसरे चिन्ह पाठवून वेळ मारून नेली, आणि एकदा तर कार्यालयाबाहेर भेटण्याच्या प्रस्तावाला ‘चालेल’ असे लिहून ऐन वेळी आजारपणाचे कारण सांगितले. मग याला छळ म्हणण्याचा अधिकार मला उरतो का? आणि हे संदेश घरी असताना येतात, तर ते ‘कामाच्या ठिकाणी’ घडले असे कसे म्हणावे?

उत्तर १ (कामगार कायद्याची अभ्यासक)

आपण नकार दिला नाही म्हणजे संमती दिली, ही समजूत आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८६ साली मेरिटर सेव्हिंग्ज बँक विरुद्ध विन्सन हा खटला आला, तेव्हा नेमका हाच मुद्दा उभा राहिला होता. बँकेतील त्या कर्मचारी स्त्रीने नोकरी जाण्याच्या भीतीने वरिष्ठाशी संबंध ठेवल्याचे सांगितले होते, आणि तिचा सहभाग ऐच्छिक होता तर तक्रार कसली, असा प्रतिवाद होता. न्यायालयाने म्हटले, की तिचा सहभाग ऐच्छिक होता का हा प्रश्नच चुकीचा आहे. वरिष्ठाची ती जवळीक तिला नकोशी होती का, हे पाहायचे. (त्याच निकालात तक्रारदार स्त्रीचा पेहराव आणि बोलणे विचारात घेण्याला वाव ठेवला गेला, आणि त्यावर टीकाही झाली, ती टीका मला रास्त वाटते.)

‘नकोसे’ हाच शब्द पुढे इतर देशांच्या कायद्यांचाही कणा ठरला. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातील आणि नंतर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील व्याख्या त्याच शब्दावर उभी आहे. ज्याच्या हाती आपले मूल्यांकन आहे त्याला तोंडावर नाही म्हणणे परवडत नाही, म्हणून माणसे विषय बदलतात, उशिरा उत्तर देतात, हसून सोडून देतात, कारणे सांगून भेट टाळतात. आपण आजारपणाचे कारण सांगितले, तो नकारच होता. तो फक्त आपल्याला परवडेल अशा भाषेत होता.

मूल्यांकनाच्या आदल्या दिवशीचे वाक्य मात्र इतर सर्व संदेशांपासून वेगळे काढून पाहावे. लाभाचे आमिष किंवा नुकसानीची धमकी उघड शब्दांतच द्यावी लागते असे नाही, सूचकपणे दिली तरी ती तितकीच गंभीर असते.

घरी आलेल्या संदेशांविषयी: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला आणि २०२१ मध्ये अंमलात आलेला १९० क्रमांकाचा करार कार्यालयाच्या चार भिंतींपाशी थांबत नाही. कामासाठीचा प्रवास, प्रशिक्षण, समारंभ, मालकाने दिलेले निवासस्थान आणि कामाच्या संबंधातून होणारा, दूरसंचार माध्यमांतूनही होणारा, संवाद हे सर्व त्यात धरलेले आहे. संदेश कोठे वाचला गेला याला महत्त्व नाही. तो ज्या नात्यातून आला ते नाते कामाचे आहे.

उत्तर २ (एक सहकारी वाचक)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी पुरुष म्हणून एक शंका मांडतो. एखाद्याला खरोखरच काही कळत नसेल, त्याचा हेतू वाईट नसेल, तर त्यालाही याच पंक्तीत बसवायचे का? एखादे कौतुकाचे वाक्य आणि छळ यांत अंतर असायला हवे.

उत्तर ३ (तक्रार समितीची माजी सदस्य)

अंतर आहेच. कपड्यांविषयी एकदाच काढलेला उद्गार, जो समोरची व्यक्ती अवघडल्याचे दिसताच पुन्हा निघाला नाही, तो बहुधा अनवधान असतो. हेतू वाईट नसलेला माणूस समोरच्याचा अवघडलेपणा कळताच थांबतो, हे मी समितीच्या कामात अनेकदा पाहिले आहे. उलट दुसरी बाजूही लक्षात घ्या: कृत्य पुरेसे गंभीर असेल तर ते एकदाच घडले तरी पुरते, तिथे पुनरावृत्तीची वाट पाहावी लागत नाही. हेतूचा विचार शिक्षा ठरवताना करता येतो, पण छळ झाला की नाही हे ठरवताना वर्तन आणि त्याचा परिणाम आधी पाहावा लागतो.

छळामागे नेहमी आकर्षणच असते, हा आणखी एक गैरसमज येथे डोकावतो. बायकांना हे काम जमत नाही असे रोज ऐकवणे, बैठकीत अंगविक्षेप करून हशा पिकवणे, अशा तुच्छतेच्या वागण्यात कोणालाही जवळीक नको असते, आणि अभ्यासांत सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे. तसेच छळ करणारा आणि सोसणारा एकाच लिंगाचे असू शकतात. तेलविहिरीवर काम करणाऱ्या एका पुरुषाने पुरुष सहकाऱ्यांविरुद्ध केलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ग्राह्य धरला होता.

आता प्रश्नकर्तीसाठी कामाचे दोन शब्द. घडलेल्या प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि तेव्हा जवळ कोण होते, हे कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता स्वतःपाशी लिहून ठेवावे. त्या काळात आपण कोणा मैत्रिणीला किंवा घरच्यांना हे सांगितले असेल, तर तेही नोंदवावे, कारण अशा प्रकरणांत प्रत्यक्ष साक्षीदार क्वचितच असतो. तक्रारीची मुदत देशागणिक वेगळी असते. भारतात ती घटनेपासून, आणि प्रसंग मालिकेने घडले असतील तर शेवटच्या प्रसंगापासून, तीन महिने आहे. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत ती वाढवू शकते. चौकशी चालू असताना आपले मूल्यांकन त्या वरिष्ठांकडून काढून दुसऱ्याकडे द्यावे, अशी लेखी मागणीही करता येते. पुष्कळ जणींना हे ठाऊक नसते.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे आभार. काल आठ महिन्यांचे संदेश पहिल्यापासून वाचून काढले. मी बोलणे पुन्हा कामावर आणल्याचे अकरा ठिकाणी दिसले, आणि अकराही वेळा त्यांनी ते परत माझ्यावर आणले होते. लिहिताना हे माझ्या लक्षात आले नव्हते. एकच विचारते: ज्यात मी ‘चालेल’ लिहिले आहे, तो संदेश काढून टाकला तर चालेल का?

उत्तर ३ (तक्रार समितीची माजी सदस्य)

काढू नका. त्यांच्या फोनमध्ये तो संदेश आहेच, आणि आपल्या प्रतीत तेवढाच नसेल तर उरलेल्या सगळ्यांवर शंका घेतली जाईल. शिवाय त्या ‘चालेल’च्या आधी त्यांनी किती वेळा विचारले होते, हे त्याच पानावर दिसते.