जपानी विद्यार्थिनी घरी राहायला येतेय, काय तयारी करू?

केतकी_कोथरूड
लेकीच्या जपानी क्लासतर्फे ऑगस्टमध्ये ओकायामाची एक मुलगी आठवडाभर आमच्याकडे राहणार आहे. वय सोळा, इंग्रजी बेताचं. लेकीचं जपानी एन ५ पर्यंतचं, म्हणजे परीक्षेच्या अगदी पहिल्या पायरीचं. घर शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाईंचा पुरणपोळीचा बेत आत्तापासूनच ठरलाय. जेवणखाण, अंघोळ, फिरणं, कागदपत्रं, काय काय बघायला हवं? अनुभवी लोकांनी सांगा.

पर्वतीचा_पाहुणा
कागदपत्रं आधी. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की हॉटेलवाल्यांसारखीच घरच्या यजमानानेही २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते. पासपोर्ट, व्हिसाच्या प्रती आधीच मागवून ठेवा. नळाचं पाणी प्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, तिकडे सर्रास नळाचंच पितात.

वरणभात
केतकीताई, पुरणपोळी खुशाल करा. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण ते मिठाईत भरतातच, त्यामुळे पुरण तिला परकं वाटणार नाही. भात मात्र बासमती नको, इंद्रायणी घ्या. त्यांना चिकट भात लागतो. करी म्हणजे त्यांच्याकडे घट्ट, गोडसर प्रकार, तेव्हा मिसळ शेवटच्या दिवसापर्यंत लांबवा.

खरी काळजी सासूबाईंच्या आग्रहाची. पानात टाकायचं नाही ही शिस्त जपान्यांची आपल्याइतकीच कडक, आणि तोंडावर ‘नको’ म्हणणं त्यांना जड जातं. म्हणजे ती पान संपवणार, सासूबाई रिकामं पान बघून वाढणार, ती पुन्हा संपवणार. बिचारी! भांडी मध्ये ठेवा, तिचं तिला घेऊ द्या. ‘अजून हवं का?’ असं विचारू नका, ‘भात की पोळी?’ विचारा. निवडायला सोपं जातं.

केतकी_कोथरूड
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘बरं, बघू’ म्हणाल्या. पण आमची जेवणं नऊशिवाय होत नाहीत, ते चालेल का?

रात्रपाळी
आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडचे साडेबारा! पहिले दोन-तीन दिवस तिला साडेसातलाच वाढा. अंघोळ बहुतेक जण झोपायच्या आधी करतात, तेव्हा गिझर संध्याकाळी लावा. बादली-तांब्याचा बाऊ नको. टबात उतरण्याआधी ते बाहेर स्टुलावर बसून अंग धुऊन घेतात, टबातलं पाणी घरात सगळ्यांना एकच असतं ना.

मुठेकाठी
ओकायामाची आहे तर सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान आलंच, तिच्या गावच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. एकदा फोटोपुरतं न्या. एवढ्या लांबून येऊन गावचीच बाग किती बघायची! सोळा वर्षांच्या मुलीला तुळशीबागेत सोडा, लेकीला सोबत देऊन.

केतकी_कोथरूड
तुळशीबाग नक्की. केस सरळ करायचं मशीन आणू का, असं तिने मेलवर विचारलंय. काय कळवू?

पर्वतीचा_पाहुणा
तिकडे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मशीनवर १००–२४० लिहिलेलं नसेल तर आणू नको म्हणावं, लेकीचं वापरेल. मोबाइलचा चार्जर बहुधा चालतो, फक्त तिकडची पिन चपटी असते, एक अडॅप्टर आणून ठेवा.