एकच बँड, गायक वेगवेगळे: तुलना नेमकी कशी करायची? (प्रोग मेटल, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचं हेवी मेटल: अनुभव धागा)

"आधीचा भारी की आत्ताचा?" हा वाद प्रोगवाल्यांत कधीच मिटत नाही, कारण बहुतेक वेळा आपण गायक सोडून मिक्सिंग, पट्टी आणि स्वतःच्या आठवणी यांचीच तुलना करत बसतो. कोण आवडतो ते या धाग्यावर नको. कोणती दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवली, कानाला काय लागलं आणि कुठे फसायला होतं, ते लिहा.

तारषड्ज

ड्रीम थिएटर घ्या. १९८९च्या पहिल्या अल्बमवर चार्ली डॉमिनिची, १९९२च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'पासून जेम्स लाब्री. हे दोन अल्बम लागोपाठ लावून निकाल देऊ नये. गाणी वेगळी, निर्माते वेगळे (आधी टेरी डेट, मग डेव्हिड प्रेटर), त्यात पहिल्याचा साउंडच मुळात किरकोळ.

एकच गाणं दोघांच्या तोंडून ऐकायला हवं, आणि तशी सोय आहे. 'अ फॉर्च्युन इन लाइज' आणि 'द किलिंग हँड' ही पहिल्या अल्बमवरची गाणी १९९३च्या 'लाइव्ह ॲट द मार्की'वर लाब्रीने गायली आहेत. दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा घ्या आणि आलटून पालटून ऐका. लक्ष वरच्या सुरांपेक्षा ओळीच्या शेवटाकडे हवं. डॉमिनिचीचा आवाज पातळ, टोकदार. शब्द पटकन सोडतो. लाब्री स्वर मोठा उघडतो, सूर आधी सरळ धरतो आणि कंप उशिरा आणतो. म्हणून तीच चाल त्याच्याकडे जास्त नाटकी वाटते. माझ्या मते 'द किलिंग हँड'ला हा लगाव शोभतो. 'फॉर्च्युन'ला डॉमिनिचीची घाईच बरी.

(त्याच मार्कीवरचं 'बॉम्बे विंदालू' नावाला भुलून यादीत घेऊ नका. त्यात गाणंच नाही, नुसतं वादन आहे.)

तिसरा पुरावा २००४चा. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमात लाब्रीने पहिला अल्बम सलग गायला आणि एन्कोरला (शेवटच्या जादा गाण्यांना) डॉमिनिची स्वतः मंचावर आला. हॉल तोच, बँड तोच.

टेपहिस

आधी आवाजाची पातळी जुळवा, मग बोला. दोन डेसिबलने मोठी असलेली क्लिप कोणालाही 'दमदार' वाटते. ऑडिओ एडिटरमध्ये दोन्ही तुकड्यांचं एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) मोजा आणि मोठी असेल ती खाली आणा. लहान असेल ती वर चढवायला गेलात तर शिखरं कापली जातात आणि आवाज खरखरतो.

मिक्समुळे किती फरक पडतो ते पाहायला २००८चा 'ग्रेटेस्ट हिट' संग्रह उपयोगी पडतो. त्यात 'पुल मी अंडर'सह 'इमेजेस'वरच्या तीन गाण्यांना केव्हिन शर्लीने नव्याने मिक्स केलंय. गायक तोच, गाणंही तेच. मूळ मिक्समधला तो ठोकळेबाज, ट्रिगर केलेला (तयार नमुन्याचा आवाज लावलेला) स्नेअर ड्रम गेला की आवाज वेगळ्याच ठिकाणी बसतो. आधी ही परीक्षा द्या. इथेच तुमचं मत डळमळलं, तर दोन गायकांबद्दलचं मत कितपत धरायचं?

डाउनट्यून

पट्टी तपासा. गिटार किंवा बास एकटी वाजते ती जागा शोधून ट्यूनर लावा. गिटारची खालची मोकळी 'ई' तार ८२.४ हर्ट्झची असते. ७७.८ आली तर वाद्यं अर्धा सूर उतरवलीत, ७३.४ म्हणजे पूर्ण एक. नंतरच्या वर्षांत उतरलेल्या पट्टीत गायलेलं गाणं मूळ पट्टीशी ताडून "अजूनही तसाच गातो" म्हणणं फोल आहे. उलटही होतं. चाहत्यांनी नेटवर टाकलेल्या क्लिपचा वेग साधारण ६ टक्के वाढलेला असेल, तर पट्टी अर्धा सूर वर सरकते आणि गायक फुकटात उंच जातो.

'इमेजेस'वरच्या 'लर्निंग टू लिव्ह'मधला लाब्रीचा तो प्रसिद्ध वरचा सूर साधारण ७४० हर्ट्झ, म्हणजे काळी तीन. काळी एकला षड्ज धरला तर पुरुषाच्या आवाजात अतितार सप्तकातला शुद्ध मध्यम!

तारषड्ज

एक राहिलं. डिसेंबर १९९४मध्ये क्युबात अन्नातून विषबाधा होऊन, उलट्यांमुळे लाब्रीच्या स्वरतंतूंना इजा झाली. पण 'अवेक' हा अल्बम त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये बाजारात आला होता. त्यातला खरबरीतपणा इजेचा नाही, मुद्दाम केलेला आहे. सीमारेषा आखायची तर 'अवेक'नंतर आखा. म्हणजे एका माणसाचेच दोन कालखंड होतात, आणि आधीच्या-नंतरच्या लाब्रीतलं अंतर कधी कधी दोन गायकांमधल्या अंतराएवढं भरतं.

खर्ज

या विषयाला फेट्स वॉर्निंगइतका चांगला बँड नाही. जॉन आर्च पहिल्या तीन अल्बमवर (१९८४ ते १९८६), १९८८च्या 'नो एग्झिट'पासून रे आल्डर. सगळ्या काळात टिकलेला एकटा गिटारवादक जिम मॅथिओस.

आर्चची चाल रिफला (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला) चिकटत नाही. गिटार एकीकडे, तो भलतीकडेच, आणि मग अनपेक्षित जागी दोघं भेटतात. नाकातला, अक्षरं कोंबणारा आवाज, वर स्वतःच्याच आवाजाचे थर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बेसूर वाटतो. तेव्हा एका कानाने फक्त रिफची मात्रा मोजा आणि त्याची ओळ कुठे सुरू होते ते पाहा. गोंधळ वाटतो तो आखीव आहे.

'नो एग्झिट'वरचा आल्डर उंचावर किंचाळतो, ते ऐकून लोक त्याला आर्चची नक्कल म्हणतात. खरा आल्डर १९९१च्या 'पॅरलल्स'पासून. १९९७चा 'अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे' म्हणजे बारा भागांची एकच रचना. तिथे तो मधल्या सप्तकात थांबतो आणि रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवतो. आर्चने त्या नक्की भरल्या असत्या.

थेट तुलनेला 'प्रिल्यूड टू रुइन'. १९८६ला आर्च, १९९८च्या 'स्टिल लाइफ' या लाइव्ह अल्बमवर आल्डर, आणि २०१६च्या पुनर्मीलन मैफलींत (ध्वनिमुद्रण २०१७) पुन्हा आर्च. आल्डर ओळी सरळ करतो, दोन वळणांऐवजी एक घेतो. लाइव्हमध्ये थर नसतात, हे मात्र दोघांनाही लागू. म्हणून स्टुडिओतल्या आर्चशी मंचावरचा आल्डर ताडू नका. २०१६चा आर्च घ्या.

विषममात्रा

थ्रेशोल्ड हा बँड विसरू नका. गायक डेमियन विल्सन आणि ग्लिन मॉर्गन दोघेही गेले आणि परतले, मध्ये १९९८ ते २००७ मॅक हा तिसरा गायक. म्हणजे 'जुना गायक, नवा साउंड' ही जोडी आयती मिळते.

टेपहिस

आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांसाठी: झांजांचा फवारा 'स' आणि 'श'मध्ये मिसळतो, त्यामुळे गायक सिसकारतोय असं वाटतं. रीव्हर्बचं (घुमाऱ्याचं) शेपूट तुटतं आणि श्वास अपुरा भासतो. थर असतील तर सॉफ्टवेअर ते एकाच ट्रॅकवर ओततं, आणि ट्यूनरचा काटा दोन सुरांत नाचतो. वेगळ्या काढलेल्या ट्रॅकवरून सुरेलपणा ठरवू नका, फक्त शब्द कुठे पडतात ते पाहा.