मान्यता न मिळालेले औषध अनुकंपा तत्त्वावर देताना कंपनीने आधी काय ठरवून ठेवावे?

वैदेही : नमस्कार. मी एका परदेशी औषध कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात, मेडिकल अफेअर्स विभागात काम करते. आमच्या एका औषधाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू आहे आणि चाचणीच्या निकषांत न बसणाऱ्या रुग्णांसाठी ते अनुकंपा तत्त्वावर, म्हणजे मान्यतेआधीच, मिळावे, अशी डॉक्टरांची पत्रे आता येऊ लागली आहेत. मागच्या आठवड्यात एका रुग्णाच्या वडिलांनी थेट मलाच फोन केला. त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही आणि ती गोष्ट अजून मनातून जात नाही. अशा विनंत्यांसाठी लेखी धोरण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कायद्याची वाट कोणती आणि होकार-नकार कोणी द्यावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

श्रीरंग : कायद्यापुरते सांगतो. नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार, देशात मान्यता नसलेले औषध जीवघेण्या आजाराच्या रुग्णासाठी आणायचे असेल, तर सरकारी रुग्णालय फॉर्म सीटी-२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांकडे अर्ज करते. २०२० च्या दुरुस्तीने अनुकंपा वापराची वेगळी तरतूदही नियमांत आली. रुग्णाला स्वतःच्या वापरासाठी औषध आणायचे असल्यास फॉर्म १२-ए आणि १२-बी हा जुना मार्ग आहे. चाचणी संपल्यावर त्याच चाचणीतील रुग्णाला औषध मोफत चालू ठेवणे ही मात्र निराळी बाब असून तिला एथिक्स कमिटीची (चाचणीतील रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीची) संमती लागते. धोरणात या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका. हेही लक्षात असू द्या की परवाना हाती आला म्हणून कंपनीवर औषध देण्याची सक्ती होत नाही, त्यामुळे नकाराची जबाबदारी नियंत्रकांवर ढकलता येणार नाही.

डॉ. रेवती : मी मुंबईत क्षयरोगाचे रुग्ण पाहते, म्हणून बेडाक्विलिन या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील औषधाचे उदाहरण देते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ते २०१६ मध्ये, तेही आरंभी देशातील केवळ सहा केंद्रांतून मिळू लागले. पाटण्याच्या एका तरुण मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही या कारणावरून औषध नाकारले गेले आणि तिच्या कुटुंबाला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे ते मिळाले. रहिवासाचा दाखला हा वैद्यकीय निकष होऊच शकत नाही, हे तुमच्या धोरणात स्पष्ट शब्दांत लिहा.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच औषधाच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत औषध घेणाऱ्या ७९ रुग्णांपैकी १० जण दगावले, तर औषध न घेणाऱ्या ८१ पैकी २. कारण निश्चित झाले नाही. हृदयाच्या विद्युतलहरींवर परिणाम होत असल्यामुळे ईसीजी नियमित काढावा लागतो आणि औषध शरीरात कित्येक महिने रेंगाळते. म्हणून ज्या रुग्णालयात ही देखरेख होणार नाही, तिथे औषध पाठवणे ही अनुकंपा नव्हे. दुष्परिणाम कळवण्याची रीत आणि मुदत औषधाची पहिली बाटली निघण्यापूर्वी ठरलेली असावी.

निखिल : मी न्यू जर्सीत याच क्षेत्रात आहे. निर्णय विक्री विभागापासून आणि वरिष्ठांच्या ओळखीपाळखीपासून दूर राहिला पाहिजे. जॅन्सेन या औषध कंपनीने २०१५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली. ती रुग्णाचे नाव न पाहता शिफारस करते. लहान कंपनीला एवढे जमले नाही, तरी दोन बाहेरचे डॉक्टर आणि रुग्णांच्या बाजूने बोलणारी एक व्यक्ती एवढे तरी जमावे. साठ्याचा हिशेबही आधी मांडा: चाचणीला लागणारे औषध बाजूला ठेवून उरलेल्यातून किती रुग्णांना उपचार संपेपर्यंत पुरवठा करता येईल, तेवढ्यांनाच होकार द्या. मान्यतेनंतर औषध विकत घ्यावे लागणार असेल, तर तेही संमतिपत्रात आधीच सांगा.

वैदेही : आपण सर्वांनी वेळ दिलात, आभारी आहे. त्या वडिलांना पुन्हा फोन करावा का?

डॉ. रेवती : अवश्य करा. औषधाचे आश्वासन देऊ नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कोणती कागदपत्रे लागतील ते सांगा आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हेही सांगा. नकार द्यावा लागला, तर तोही त्याच तारखेला आणि तुम्हीच कळवा.