मदत हवी आहे: गावच्या जुन्या पंपाच्या खोलीच्या विटा झडताहेत

निफाडकर:
आमच्या गावातल्या पंपाच्या खोलीच्या विटा झडायला लागल्यात. बोट फिरवलं तरी लाल भुकटी हाताला येते. परवा ग्रामसभेत ती पाडायचा विषय आहे. आतल्या दगडी कट्ट्यावर हंड्यांच्या बुडांनी वाटोळे खळगे पडलेत, ते सगळं जाईल. भिंतीला काय लावू? लवकर सांगा.

चुनाप्रेमी:
मोटर की हापसा? गिलावा कसला? किती उंचीवर झडतंय?

चाळवाला:
वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि वर सिमेंटचा गिलावा. माझ्या कांदाचाळीची भिंत तशीच टिकलीय.

निफाडकर:
हापसाच. गिलावा सिमेंटचा, तीन वर्षांपूर्वी खालच्या चार फुटांना केलेला. तो संपतो तिथून वर हातभर झडतंय, पांढरा खारही फुटलाय.

चुनाप्रेमी:
मग दुखणं गिलाव्यातच आहे. ओल जमिनीतून चढते, सिमेंटमधून बाहेर पडता येत नाही म्हणून वर सरकते, तिथे सुकते आणि क्षार विटेचे पापुद्रे काढतात. चाळवाले दादा, तुमची वीट पक्की भाजलेली आणि सिमेंटात बांधलेली. ही चुन्यातली असणार. गिलावा हलक्या हाताने काढा, विटांमधल्या दरजा चुना आणि विटांच्या चुऱ्याने भरा. पण आधी पाणी कुठून येतंय ते बघा.

चाळवाला:
चुन्याचं काम येणारा गवंडी आज मिळतो का? पावसाळा तोंडावर आहे. चुना सुकेपर्यंत भिंत राहील का?

मळेकरी:
कुसुम योजनेत सौरपंप घ्या, खुल्या गटाला १० टक्केच भरावे लागतात.

चुनाप्रेमी:
ताई, ते शेतीपंपाचं. इथे भिंतीचं चाललंय.

गोदाकाठ:
राज्य पुरातत्त्व खात्याचं नाशिकचं कार्यालय सरकारवाड्यात आहे, तिथे फोटो घेऊन जा. १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित व्हायला वेळ लागतो, तोवर सभेत अभियंत्याची लेखी पाहणी मागा. चांदवडचा रंगमहाल बघितलात का? तिथलं लाकूडकाम...

चुनाप्रेमी:
रंगमहालाचा वेगळा धागा काढा हो. निफाडकर, हापशाच्या ओट्याचा उतार कुणीकडे आहे?

निफाडकर:
आत्ता बघून आलो. उतार थेट भिंतीकडे. शोषखड्डा गाळाने गच्च, सांडपाणी पायातच मुरतंय. दारावरच्या दगडावर शके कोरलंय, पण रंगाखाली आकडे बुजलेत. उद्या पहाटे पोरं घेऊन खड्डा उपसतो. घाणीत मळलेला चुना नाशकात कुठे मिळेल?