वाडीतल्या झेडपी शाळेचा पट १४, मुलीला पहिलीला तिथेच घालू का?

पाखाडीवाला
नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात एका वाडीत राहतो, आंबा-काजू आणि जोडीला टेम्पो. मुलगी जूनला पहिलीत जाईल. वाडीतच झेडपीची शाळा आहे, पहिली ते पाचवी, सगळे मिळून पट १४. आधी दोन शिक्षक होते, बाई गेल्या बदल्यांमध्ये गेल्या त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, आता एकच गुरुजी पाचही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात आणि पंचायत समितीत मीटिंग लागली की शेजारच्या शाळेतलं कोणी आलं तर आलं, नाहीतर पोषण आहाराच्या ताईच मुलांकडे बघतात. दुसरा पर्याय १२ किमीवरचं इंग्लिश मिडियम, व्हॅन सकाळी सातला. मिसेसचं मत तिकडे घालूया. मी याच शाळेत शिकलो, तेव्हा पट ६० च्या वर होता, आता निम्म्या घरांना कुलूप, सगळे विरार-नालासोपाऱ्याला. शाळा बंद होणार असंही कानावर येतंय. मला एवढंच विचारायचंय की शाळा बरी की वाईट हे पालकाने ओळखायचं कसं? असरचे, म्हणजे खेड्यातल्या मुलांना वाचता आणि गणित येतं का बघणाऱ्या सर्व्हेचे, आकडे पेपरात येतात, त्यातून आमच्या शाळेचं काय कळणार? आणि शाळेला पैसे येतात तरी किती?

निवृत्त_गुरुजी_सातारा
असरमधून तुमच्या शाळेचं काहीच कळणार नाही, तो नमुना सर्व्हे आहे, जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र सांगतो. पण त्यांची पद्धत फार सोपी आहे ती तुम्ही घरी वापरू शकता. तिसरी-चौथीतल्या दोनचार पोरांना बोलवा, दुसरीच्या पातळीची न वाचलेली छोटी गोष्ट द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. गोष्ट जमली नाही तर सोपा परिच्छेद, मग शब्द, मग अक्षरं. गणितात दोन अंकी वजाबाकी, हातचा लागेल अशी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. चौथीचं पोर गोष्ट अडखळत का होईना वाचून काय झालं ते सांगत असेल तर गुरुजी काम करतायत समजा. शाळेची इमारत, संडास, नळ, शिक्षकसंख्या हे सगळं यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या, साइटवर शाळेचा ११ अंकी कोड टाकून दिसतं, कोड गुरुजींकडून घ्या. पण तिथे 'शौचालय : आहे' लिहिलेलं असतं, त्याला पाणी आहे का ते तुम्हीच जाऊन बघा.

माझी नोकरी बहुतेक अशाच शाळांत गेली. कमी पटाचा एक फायदा सांगतो, पहिलीचं पोर कोपऱ्यात मणी मोजत बसलेलं असतं आणि कान चौथीच्या पाढ्यांकडे असतात, दिवाळीपर्यंत त्याचे पाढे फुकटात पाठ. पण त्याला गुरुजी वर्गात असावा लागतो. माहिती भरा, फोटो अपलोड करा, मतदार याद्यांचं काम, हे सगळं एकाच माणसावर आलं की शिकवायचं कधी?

समिती_अध्यक्ष
पैशाचं मी सांगतो, आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत हाच हिशोब दरवर्षी मांडावा लागतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, त्याच्या वर १०० पर्यंत २५ हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात लाइट बिल, नेटचा रिचार्ज, खडू, झेरॉक्स, नळाची तोटी, सगळं. आता सांगा, कोकणच्या पावसात कौलं १४ पोरांची शाळा म्हणून कमी फुटतात का? खर्च तोच, अनुदान निम्म्याहून कमी. मग गावाने वर्गणी काढायची, आणि गावात उरलेत कोण तर म्हातारी माणसं.

शिक्षकांचंही तेच. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ६० पर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या) जीआरमध्ये २० पर्यंतच्या पटाला नियमित शिक्षक एक, दुसरा निवृत्तांमधून असं आलं. त्यावर खूप विरोध झाला. माझं स्पष्ट मत, पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पालक पोरं काढतात, म्हणून पट अजून कमी. हे आपोआप होत नाहीये, हे नियम माणसांनी केलेत.

दोन_पोरांची_आई
पण ताईंचं, म्हणजे तुमच्या मिसेसचं, चुकलं असं मला नाही वाटत. माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा वर्गात ती एकटीच. खेळायला, भांडायला, बरोबरीने अभ्यास करायला कोणी नाही. शेवटी आम्ही काढलं. नवीन शाळेत इंग्रजीचं पान धडाधड वाचायची, अर्थ विचारला की गप्प, वर्षभर घरी मीच बसले तिच्याजवळ. म्हणजे तिकडेही सगळं छान नाही. पण सोबत मिळाली, ती बोलकी झाली. पहिलीच्या वयाची अजून किती पोरं आहेत वाडीत ते आधी बघा.

खेडकर_४१२
पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं जालिंदरनगर वाचा, झेडपीचीच शाळा, पट अगदी संपत आला होता, २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला.

समिती_अध्यक्ष
अभिमान आहेच. पण तिथल्या वारे गुरुजींसारखा माणूस प्रत्येक वाडीला मिळेल हे धरून धोरण नाही करता येत.

बंद होण्याबद्दल : २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी समूह शाळा करायचं निघालं होतं, तेव्हा अशा १४,७८३ शाळा आणि साधारण १ लाख ८५ हजार मुलं असा आकडा होता. पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण दिलं होतं. राज्याच्या आरटीई नियमात पहिली ते पाचवीची शाळा १ किमीच्या आत हवी. आपल्याकडे ते १ किमी म्हणजे पाखाडीच्या पायऱ्या उतरा, पऱ्ह्या म्हणजे ओढा ओलांडा, परत चढा. जुलैत सहा वर्षांचं पोर नाही जाऊ शकत. हे लेखी मांडा.

पाखाडीवाला
सगळ्यांचे आभार. शेजारच्या दोघांना बसवलं काल. चौथीच्या पोरीने गोष्ट पूर्ण वाचली, सांगितलीही. हातच्याच्या वजाबाकीत दोघंही अडकले. मिसेसने स्वतः बघितलं, म्हणाली दुसरा शिक्षक जूनपर्यंत आला तर इथेच घालू. पहिलीला माझी धरून तीन आहेत. अर्ज कोणाकडे करायचा?

समिती_अध्यक्ष
एकट्याचा अर्ज नको, समितीचा ठराव करा, महिला पालकांच्या सह्या जास्त घ्या. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा परिषदेच्या सीईओंना. मागणी दोन टप्प्यांत लिहा, कायमचा शिक्षक मिळेपर्यंत कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतला तात्पुरता, तरी द्या. सोबत अंगणवाडीतली पुढच्या तीन वर्षांची नावांची यादी जोडा, पट वाढणार हे त्यातून दिसतं. आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.