आईचं आयुष्मान कार्ड अडलंय, मदत हवी आहे

आई ७४ वर्षांची, लालबागला राहते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, म्हणून वय वंदना कार्ड काढायला गेलो. जन्मभर धुणीभांडी करून तिच्या बोटांच्या रेषा पार पुसल्यात. चार वेळा पदराला अंगठा पुसून यंत्रावर टेकवला, उमटलाच नाही. आधारला बाबांचा नंबर जोडलेला. ते गेल्यावर तो बंद झाला, त्यामुळे ओटीपीही नाही. अ‍ॅपवर चेहऱ्यावरून कोणी कार्ड काढलंय का? की आधी आधार केंद्रात बुबुळांवरून नंबर बदलून घेऊ? हृदयाची शस्त्रक्रिया आहे हो. केशरी रेशनकार्ड आहे, तोवर महात्मा फुले योजनेतून होईल का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.